कन्नड कोणत्या राज्यात?

"चूक! कर्नाटक!" निखिल माईकवर म्हणाला आणि सगळं सभागृह हसलं. आपल्यालाच हसताहेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. ज्युरीच्या खुर्चीत बसल्या बसल्या मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

मी क्विझमास्टर. केस काळे होते तेव्हापासून शहरातल्या क्विझ मीच घेत आलो. इतिहास, कायदा, निसर्ग, शब्दांचे खेळ, सगळे प्रश्न माझे. यंदा मात्र गारखेडा भागातल्या आमच्या वाचनालयानं माईक निखिलला दिला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, ब्लेझरवाला. मला ज्युरी केलं. ज्युरी म्हणजे वाद झाला तर निकाल देणारा. नाही झाला तर चहा पिणारा.

माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? त्यात पोरगा चांगला निघाला, ते जास्त झोंबलं. त्यानं विचारलं, "उलटं वाचलं तरी तेच राहतं, असं चहाचं विशेषण?" उत्तर : कडक. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. जन्मभर कडक चहा प्यालो मी, आणि प्रश्न सुचला याला!

शेवटी सिडकोतले दोन वकील आणि देवगाव रंगारी गावच्या नणंद-भावजय बरोबरीत आले. करंडक आता एका प्रश्नावर. आधी बझर दाबेल त्यानं उत्तर द्यायचं, चुकलं तर समोरचा जिंकला. निखिलनं घाईघाईत विचारलं, "कन्नड कोणत्या राज्यात?" भावजय सविताताईंनी बझर दाबला. "महाराष्ट्र!" आणि निखिलनं ते चूक ठरवलं.

"आवं सर, चूक कशी?" सविताताई उभ्याच राहिल्या. "आमचा तालुका हाय त्यो. परवाच बाजार करून आले तिथून!"

"ताई, मी भाषेबद्दल विचारलं."

"मंग तसं म्हणायचं ना! भाषा म्हणलाच नाय तुमी."

"प्रश्नामागचा हेतू बघा," एक वकील म्हणाले.

वाचनालयाचे अध्यक्ष काळेसाहेब माझ्याकडे वळले. "सर, निकाल?"

मी सावकाश उठलो. माईक हातात आला तसा जीव सुपाएवढा झाला.

"आमच्यात याला दुतोंडी प्रश्न म्हणतात," मी म्हणालो. "बरोबर उत्तरं दोन. अशा वेळी विचारणाऱ्याच्या मनात काय होतं ते धरत नाहीत, तोंडातून काय आलं ते धरतात. 'बोलतात' एवढं एक क्रियापद लावलं असतं तर भागलं असतं. उत्तर बरोबर. करंडक देवगावला!" एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, "आणि निखिलसरांना कुणीतरी जीपमध्ये घालून कन्नड दाखवून आणा."

सभागृह पुन्हा हसलं. आता याचं तोंड पडेल म्हणून मी टक लावून बघत होतो. त्यानं हसत माझ्याकडून माईक घेतला आणि सविताताईंना हात जोडले.

"ताई, हरलो. कधी नेता कन्नडला?"

"या की! आधी आमच्याकडं भाकर-ठेचा खा, मंग दावते."

त्यावर जेवढ्या टाळ्या पडल्या, तेवढ्या माझ्या निकालालाही पडल्या नव्हत्या. स्वतः चुकून टाळ्या घ्यायची कला मला काही जमलेली नाही.

खाली उतरलो तर काळेसाहेबांनी माझा हात धरला. मला वाटलं, माईक परत आला.

"सर, काय निकाल दिला तुमी! लई भारी. तुमच्यासारखा ज्युरी सापडायचा नाय. आता ही खुर्ची कायमची तुमची."

"आणि माईक?"

"त्याला निखिल हाय की."

तेव्हापासून नव्या क्विझमास्टरांना मी एकच सांगतो. दुसऱ्याची चूक जरूर काढा, पण फार चांगली काढू नका. लोक तेच काम गळ्यात बांधतात.