उलट्या बाजूनं उघडलेली वही

कोऱ्या मांजरपाटाचा, खळीचा वास आला की मला शाळेच्या मंचावर बसलेले अप्पा दिसतात... धोतर, काळी टोपी, आणि हातात मी आमच्या कापडाच्या दुकानातल्या दोऱ्यानं शिवलेली वही.

डोंगराच्या पायथ्याशी विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं. मुलींनी मॅट्रिकवर थांबू नये म्हणून शाळेतल्या बाईंनी संमेलनासाठी एक नाटुकलं लिहिलं. मुलीला विद्यापीठाच्या कॉलेजात पाठवायला वडील आधी ठाम नकार देतात, मग हळूहळू विरघळतात, एवढीच गोष्ट. मुलगी मी, आणि वडील, बाईंच्या हट्टापायी, माझे खरोखरचे वडील, अप्पा. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं आणि घरीही त्यांचा नकार पक्का होता.

"नाय म्हणायची सवय हायच तुम्हाला," आई म्हणाली, "पाठ कशाला करायचं?"

अप्पांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर आमच्या गुलमंडी बाजारातल्या पाट्या मराठी झाल्या, पण अप्पांची बोटं उजवीकडून डावीकडेच धावत राहिली. आपली वाक्यं त्यांनी सुट्या कागदांवर उर्दूत उतरवली आणि मी ती मराठी वहीसारखी डाव्या कडेला शिवली... तिथंच घोटाळा झाला. मंचावर त्यांनी ती सवयीनं उर्दू किताबासारखी उजवीकडून उघडली आणि शेवटचं पान आधी आलं.

"मला विद्यापीठात जायचंय," मी म्हणाले.

अप्पांनी चष्मा सावरून वाचलं, "जा पोरी. शीक."

सभागृह खदखदून हसलं. विंगेतून बाई कळवळून कुजबुजल्या, "अप्पा, आधी नाही म्हणायचं होतं हो."

अप्पा शांतपणे म्हणाले, "आता कसं नाय म्हणू, बाई? सगळ्या गुलमंडीनं ऐकलंय. दुकानदाराची जबान हाय."

नाटक तिथंच संपलं आणि पुढच्या जूनमध्ये मी विद्यापीठाच्या कॉलेजात गेले. वर्षानुवर्षं मी कौतुकानं सांगत राहिले, की माझ्या चुकीच्या शिवणीनं माझं नशीब उघडलं. अप्पा ऐकून नुसते मिशीत हसायचे.

ते गेल्यावर, अगदी उतारवयात, मी उस्मानपुऱ्यातल्या एका शेजारणीकडून उर्दू अक्षरं शिकले, आणि ट्रंकेतली वही काढली. मांजरपाटाचा वास कधीच उडून गेला होता. दोरा मात्र टिकला होता... आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, अप्पांच्या रेखीव हातानं घातलेले ठळक आकडे होते. म्हणजे त्या दिवशी मंचावर समोर पहिलं पान नाही, शेवटचं आहे, हे वाचण्याआधीच त्यांना दिसलं होतं.

मी दोरा उसवला नाही. वही तशीच आहे.