मेंढरांचा र

"पुन्हा म्हण," सर म्हणाले.

मी म्हटलं. "कोर्रिएरा, कोर्रिएरास, कोर्रिएरा."

स्पॅनिशमध्ये 'धावणे'. जे घडलं न्हाय, पण घडलं असतं तर, असं बोलायचं असलं की क्रियापदाचं हे रूप लागतं. मी धावले असते तर. तू धावला असतास तर. त्यातला 'र' जिभेवर थरथरवावा लागतो. वर्गात कुणाला जमत नव्हता. मला जमला. आमच्या घरी मेंढरं. बोलायला लागल्यापासून त्यांना 'हुर्रर्र' करत वळवलंय.

सरांनी हात वर करून वर्ग थांबवला.

"ऐकलंत? ही क्रियापद चालवत नाहीये, मेंढरं हाकतेय. उभी राहा. नीट हाकून दाखव."

सर संस्थाचालकांच्या घरातले. स्पेनला राहून आलेले. धाराशिवच्या त्या कॉलेजात त्यांच्यासमोर कोण बोलणार? मी अणदूरहून एसटीनं यायची. उभी राहिले. हाकली मेंढरं. भर वर्गात. पोरं बाकं बडवून हसली.

आणि मीही हसले. त्यांच्याबरोबर. ते अजून जाळतंय.

मग रोजचंच झालं. वर्ग पेंगला की मला उठवायचे. हुर्रर्र. बस खाली. पुढची रूपं दुसऱ्यांना. कोर्रिएरामोस, म्हणजे 'आम्ही'चं रूप, मला कधी विचारलंच न्हाय. पाठ होतं.

शेवटी स्पॅनिश येणारी पोरं नोकरीला घ्यायला पुण्याच्या कंपनीची माणसं आली. सर त्यांना म्हणाले, "आधी एक गंमत बघा. आमच्या धनगरवाड्याचं स्पॅनिश. ऊठ गं."

मी उठले. तोंड उघडलं. निघाला तो घरचा शब्द.

"न्हाय."

"काय?"

"न्हाय काढणार. क्रियापद विचारा, चालवते."

कुणी हसलं न्हाय. सर हसले, थोडंसं. "बस खाली."

मुलाखतीला सगळ्यांची नावं पुकारली. माझं न्हाय.

घरी वडलांना, आप्पांना सांगितलं. ते रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मेंढरामागं रोजच काढतीस की त्यो आवाज. तितं काढला म्हून काय झिजली असतीस?"

आता नळदुर्गला मोबाईलच्या दुकानात काम करते. बाहेर ट्रकांची रांग. स्पॅनिश बोलायला कुणी न्हाय. शब्द गळत चाललेत, कळतंय.

परवा सरांचा मेसेज आला. 'माफी मागितलीस तर पुढच्या बॅचला बघू.' आप्पांना वाचून दाखवला.

"माग की," आप्पा म्हणाले. "मोठी माणसं हायती."

मागणार न्हाय. या जिल्ह्यात दुसरा असा वर्ग न्हाय, आणि मला पुण्याला कोण धाडणार? आयुष्य या दुकानात जाईल. जाऊ दे. गुन्हा त्यांनी केला, माफी मी मागणार न्हाय. आप्पांना हे आज पटत न्हाय. उद्या परत सांगेन. परवाही. पटेपर्यंत, न्हायतर भांडण होईपर्यंत.