साहेबाच्या दारावरचा कडुनिंब

दोष मामांचा. आधीच सांगून टाकतो. 'वडीलधाऱ्यांबद्दल असं बोलू नये' हे मला कुणी शिकवू नका. माझं वाटोळं वडीलधाऱ्यांनीच केलं, आणि तेही सकाळी अंघोळ करून, पांढरी टोपी घालून! चहा घ्या, सांगतो.

पंचाहत्तर सालचा नाताळ. मी कॉलेज सोडून मामांच्या घरी बसलो होतो. मामा सोलापुरातल्या एका गिरणीत शिपाई. तिथं नवी यंत्रं बसवायला इंग्लंडहून एक साहेब आला होता, बायकोला घेऊन. आपल्या देशातला त्यांचा पहिलाच नाताळ. साहेबाचं टपाल आणि तारा बंगल्यावर पोचवायचं काम मामांकडं. साहेबाला इंग्रजी समजणारा मदतनीस हवा होता. माझ्याशी अर्धा तास बोलला आणि म्हणाला, एक जानेवारीपासून ये. बोलता बोलता हेही म्हणाला, की तिकडं आई एकटी आहे, आजारी आहे. एवढं मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं!

नाताळच्या सकाळी मामा धापा टाकत आले.

"आरं, साहेबाच्या घरात मयत झाली!"

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? दारावर गोल चक्र टांगलंय. जुना गोरा म्यानेजर मेला तवा त्येच्या पेटीवर असलंच हुतं. आन् कशाचं केलंय म्हाईताय? कडुनिंबाचं!"

कडुनिंब म्हटल्यावर मामी चुलीपासून उठलीच. मयतीहून आल्यावर आपण चावतो तोच पाला की!

"मामा, आज त्यांचा सण आहे."

"सणादिवशी माणूस मरत न्हाय व्हय? शाना हाईस लई! लाल फीत बी हाय त्येला. म्हंजी सवाष्ण गेली. मडम गेली रं!"

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मामीनं पिठलं-भाकरी बांधली. मामा-मामी आणि टोप्या घातलेले गल्लीतले पाच जण निघाले. सगळ्यात पुढं मी, कारण इंग्रजी माझं.

दार वाजवलं. उघडलं मडमनंच!

दुसरा कुणी असता तर तिथूनच परत फिरला असता. मामा माझ्या कानाला लागले. "मग साहेबाची आई आसंल. म्हातारी आजारी हाय म्हणलावतास की तूच."

तेवढ्यात साहेब बाहेर आला. आमची तोंडं बघून म्हणाला, "काय झालं?"

मी कॉलेजात शिकलेल्या शुद्ध इंग्रजीत म्हणालो, "सर, तुमच्या आईबद्दल ऐकून फार वाईट वाटलं."

साहेबाचा चेहरा उतरला. त्यानं मामांकडं बघितलं. आजवर त्याची प्रत्येक तार याच माणसानं आणली होती. "केव्हा?"

मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "सांग, आज सकाळी." मी सांगितलं.

साहेब पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"बग! म्हणलं नव्हतं?" मामा कुजबुजले. ज्यांना शंका होती त्यांचीही आता खात्री पटली. मामीनं पुढं होऊन भाकरी-पिठल्याचा घास साहेबाच्या तोंडात घातला. कडू घास नाही म्हणायचं नसतं. तो बिचारा रडत रडत गिळत होता.

मडमनं माझ्यापुढं हात केला. "तार द्या."

"कसली तार?"

"मग तुम्हाला कळलं कसं?"

मी दाराकडं बोट दाखवलं.

तिनं त्या चक्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्याकडं सणाला दारावर हिरवा पाला लावतात. सोलापुरात तिकडची झाडं कुठली मिळणार? म्हणून अंगणातला कडुनिंब. हे ती इतक्या हळू आवाजात बोलली, की शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

हसलं कुणीच नाही. आई गेली नाही हे साहेबाला कळलं, पण मनात शिरलेली भीती निघेना. त्यानं ट्रंक कॉल लावला. तो लागला तिसऱ्या दिवशी. तोवर नवराबायको फोनपाशी बसून होते, केक टेबलावर तसाच. म्हातारी ठणठणीत होती. पहिलंच विचारलं म्हणे, "सण कसा झाला?"

मामा घरी येऊन पोटभर जेवले. "पर मी म्हंतो, त्यांनी दाराला पाला लावायचाच कशाला?"

मामांना कुणी काही म्हणालं नाही. ते मराठीत बोलले होते. इंग्रजीत बोललो मी, आणि एक शब्दही चुकलो नाही.

एक जानेवारीला साहेबानं दुसरा माणूस घेतला. मला अजून नोकरी लागलेली नाही.