भोंग्याऐवजी आलेली डबी

मंगळवार, दिनांक १२ मार्च १९८५. सकाळी साडेदहा वाजता गुलाबराव घागरे यांनी माझ्या काउंटरवर एक लाल डबी ठेवली आणि ती हसू लागली.

हसणे पुरुषाचे होते. आधी दबलेले, मग सुटलेले, शेवटी धाप लागल्यासारखे. मग डबी आपोआप थांबली.

"साहेब, हे पाहा काय पाठोलं त्यायनं," गुलाबराव म्हणाले. "म्या भोंगा मागोला होता."

मी तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा यांच्यामधल्या एका लहान टपाल कार्यालयात पोस्टमास्तर होतो. गुलाबरावांचा गावाबाहेर संत्र्याचा बगीचा होता. मृग बहाराची फळे उतरायला आली होती आणि वानरे रोज येत होती. आमच्या भागात वानराला कोणी दगड मारत नाही. जामसांवलीचा मारुती जवळ आहे. माणसे आधी हात जोडतात आणि मग हाकलतात. तोवर वानराचे खाऊन होते. म्हणून गुलाबरावांनी मासिकातली जाहिरात पाहून दिल्लीच्या एका कंपनीकडून बॅटरीवरचा भोंगा मागवला. आली ती ही डबी.

वस्तू व्ही.पी.ने आली होती. व्ही.पी. म्हणजे पैसे आधी पोस्टात भरायचे, मग पार्सल हातात मिळायचे. आत काय आहे ते पैसे भरल्यावरच कळते. भरलेले पैसे आम्ही मनीऑर्डरने विकणाऱ्याकडे पाठवतो. गुलाबरावांनी पार्सल आदल्या दिवशी सोडवले होते. त्यांची मनीऑर्डर अजून माझ्या कार्यालयात होती. ती तीनच्या मोटारीने जाणाऱ्या थैलीत बंद होणार होती.

गुलाबरावांच्या मागे त्यांच्या पत्नी सुशीलाबाई उभ्या होत्या. हातात संत्र्यांची पिशवी.

"यायले म्हटलं होतं, त्या पैशात राखणदार ठेवा," त्या म्हणाल्या. "फळ उतरेपर्यंत माणूस बसला असता. पण नाही. यायले दिल्लीचा भोंगा पायजे."

"मले काय सपन पडलं होतं?"

"डबीले पडलं असन. काल रातभर तुमाले हसत होती."

त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. मी ती परत सरकवली. ग्राहकाकडून फळ घेणे नियमात बसत नाही. त्यांनी पुन्हा ठेवली. मी पुन्हा सरकवली.

फसवणुकीची तक्रार आली, तर चौकशी होईपर्यंत पैसे रोखून धरता येत असत. त्यासाठी ग्राहकाने वस्तू कार्यालयात जमा करायची. आम्ही ती दोन साक्षीदारांसमोर तपासायची, तिचे वर्णन लिहायचे, सही घ्यायची आणि तिला सील लावायचे. सील नंतर लागले तरी चाले, पण थैली बंद होताना सह्या झालेल्या हव्या होत्या आणि वस्तू आमच्या ताब्यात हवी होती. पैसे एकदा निघून गेले की दिल्लीच्या दारात जाऊन उभे राहण्याखेरीज मार्ग नव्हता.

एक साक्षीदार म्हणून मी पोस्टमन मेश्राम यांना बोलावले. दुसरे साक्षीदार बोरगावचे सेवानिवृत्त हेडमास्तर. ते पेन्शनच्या कामासाठी आले होते. सकाळचे टपाल उरकून दुपारी दीडला लिहायला क्लार्क चौधरी बसले.

"वस्तू चालवून दाखवा," मी म्हणालो.

गुलाबरावांनी बटण दाबले. चौधरींनी एक ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवले. त्यांचे खांदे हलत होते.

"लिहा, मी सांगतो," हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले. "सदर वस्तूतून मानवी हास्यसदृश ध्वनी निर्गमित..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही. त्यांनी उपरण्यात तोंड घातले.

"पुन्हा दाबा," मी म्हणालो.

पुन्हा दाबले. या वेळी मेश्राम भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काउंटरसमोर पोस्टकार्ड घ्यायला आलेली माणसे आपण कशासाठी आलो ते विसरली. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, कारण पाहिले की पुन्हा सुरू होत असे. तिसऱ्या खेपेला बटण आत अडकले. डबी थांबेना.

"आता काय करू जी?" गुलाबराव विचारू लागले. त्या सगळ्यांत न हसणारे तेवढे एकटे होते.

मी डबी तिजोरीत ठेवून दार लावले. तिजोरी हसू लागली. ते अधिक वाईट होते. एक म्हातारी बचत खात्याचे पासबुक छातीशी धरून दोन पावले मागे सरली.

त्याच वेळी छिंदवाड्याहून ट्रंककॉल आला. वरचे साहेब होते. व्ही.पी. रोखायला त्यांची तोंडी परवानगी लागणार होती, म्हणून तक्रार ऐकताच मीच सकाळी कॉल लावून ठेवला होता.

"पोस्टमास्टर साहब, ये कौन हँस रहा है?"

"सर, तिजोरी."

मी डबी बाहेर काढली, चौधरींच्या हातात दिली आणि मागच्या व्हरांड्याकडे बोट दाखवले. चौधरींनी ती नेऊन कठड्यावर ठेवली. माझी आज्ञा एवढीच होती की डबी ऐकू येता कामा नये. तिच्याजवळ थांबा, असे मी सांगितले नव्हते.

साहेबांनी परवानगी दिली. मी फोन ठेवला. मागून चौधरींचा आवाज आला.

"सर, घेऊन गेलं."

डबी एका मोठ्या वानराच्या हातात होती आणि वानर आमच्या कौलांवर होते. ते डबी कानाशी नेई, दूर धरी, उलटी करून पाही. बाकीची वानरे त्याच्याभोवती बसली होती. कौलांवरून हसणे सगळ्या रस्त्यावर जात होते. जामसांवलीला निघालेल्या भक्तांची मोटार थांबली. काहींनी खाली उतरून हात जोडले.

मी आत गेलो. तिकिटांचे कपाट उघडून थोडा वेळ त्यात पाहत उभा राहिलो. कपाटातून काही काढायचे नव्हते. चेहरा ठीक झाल्यावर बाहेर आलो.

"दगड मारू का?" गर्दीतून कोणी विचारले.

"आज मंगळवार हाय, बापा, मारुतीचा वार," दुसरा म्हणाला.

"मी काही हात जोडत नाही," मेश्राम म्हणाले, "पण मुक्या जीवाले दगडही मारत नाही."

गुलाबराव व्हरांड्याच्या पायरीवर बसले. "गेले पैसे," ते हळू म्हणाले. "त्याच्याच जातवाल्याले पळवाले भोंगा मागोला होता. त्यायनंच डबी नेली."

एका भक्ताने चणे-गूळ दाखवला. वानराने एका हाताने तो घेतला आणि डबी दुसऱ्या हातात धरून ठेवली. घड्याळात अडीच वाजून गेले होते. चौधरींनी थैलीचा दोर बाहेर काढला होता.

सुशीलाबाई पुढे झाल्या. पिशवीतले सर्वांत मोठे संत्रे त्यांनी कठड्यावर ठेवले आणि मागे सरल्या.

"चणे एका हातानं खाता येतात," त्या म्हणाल्या. "संत्रं सोलाले दोन हात लागतात. म्या रोज पाहतो ना बगीच्यात."

वानर खाली आले. संत्रे उचलले, पाहिले, आणि सोलण्यासाठी डबी सोडून दिली. ती दगडी पायरीवर पडली, फुटली, अर्धे हसली आणि थांबली. मग गुलाबराव हसू लागले. ते बराच वेळ थांबले नाहीत. सुशीलाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि मग त्याही पायरीवर बसल्या.

माझ्यापुढे मात्र नवा प्रश्न होता. धडधाकट जमा झालेली वस्तू माझ्या ताब्यात फुटली होती. मी पुन्हा छिंदवाड्याला कॉल लावला. तो लागला, हेच नवल. घडले ते सांगितले.

"सरकारी काग़ज़ पर बंदर मत लिखिए," साहेब म्हणाले.

"तो क्या लिखूँ, सर?"

साहेबांनी रिसीव्हरवर हात दाबल्याचा आवाज आला. मग दबलेला आवाज आला, "जो हुआ, वही लिखिए," आणि लगेच फोन बंद झाला.

मी जे झाले ते लिहिले. हेडमास्तर आणि मेश्राम यांनी सही केली. हेडमास्तरांची सही वाकडी आली. मनीऑर्डर थैलीबाहेर काढून घेतली. मोटार आली तेव्हा थैली बंद होती.

चौकशी पावसाळ्यापर्यंत चालली. मागवली एक वस्तू आणि पाठवली दुसरी, हे कंपनीला नाकारता आले नाही. गुलाबरावांना त्यांचे पैसे परत मिळाले. तोवर फळ उतरून नागपूरच्या मंडीत गेले होते. राखण सुशीलाबाईंनी केली, तेलाचा रिकामा पिपा वाजवून. फळाचे नुकसान झाले, पण बगीचा हातचा गेला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी राखणदार ठेवला.

या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. चुकीची आलेली वस्तू परत करताना ती किती चुकीची आहे हे सिद्ध करत बसू नये. एकदा दाबून थांबावे.

त्या दिवशी कार्यालय बंद झाल्यावर मी डबीचे तुकडे कापडात शिवून घेतले, लाखेचे सील लावले आणि तिजोरीत ठेवले. नंतर मागच्या व्हरांड्याला लोखंडी जाळी बसवण्याचा मागणी अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात ‘सुरक्षा’ असे लिहून खाली सही केली.