बंद स्विच, जिवंत तार

आग्नेलला मातीत ठेवून महिना झाला, तरी गॅब्रिएल तुस्कानोने हत्यारांची पेटी उघडली नव्हती. आग्नेल त्याचा चुलतभाऊ. वायरमनचं काम त्यानेच गॅब्रिएलला शिकवलेलं. गिरीज गावच्या एका केळीच्या वाडीत विहिरीवरचा पंप दुरुस्त करताना आग्नेल शॉक लागून गेला. वाडीचा मालक बॅप्टिस्ट शपथेवर सांगत होता, "मेन स्विच त्याने माझ्यादेखत बंद केला." मग विजेने माणूस मेला कसा? गावाने उत्तर शोधलं होतं: त्या विहिरीवर काहीतरी आहे. गॅब्रिएलला ते पटत नव्हतं. पण दुसरं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं आणि हात तारेकडे जायला धजत नव्हता.

१९५६ सालच्या मे महिन्याच्या शेवटी डॉक्टर नरहरी राऊत स्वतः त्याच्या दारात आले. दवाखान्यातला फ्रिज थांबायचं नाव घेत नव्हता. आतलं सर्पदंशावरचं औषध गोठून फुकट गेलं होतं. पुरेसा गारवा झाला की वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला होता. नवा त्यांनी मुंबईहून आणला होता.

"थोड्या दिवसांत माणसं भातशेतात उतरतील," डॉक्टर म्हणाले. "साप कुणासाठी थांबत नाही, गॅब्रिएल."

तो गेला. दवाखान्याचं वायरिंग आग्नेलच्याच हातचं, सरळ रेषेत, देखणं. फ्रिजची तार पिनेविना थेट बोर्डाला जोडलेली. गॅब्रिएलने मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली.

"झालं, आता कर सुरू," डॉक्टर म्हणाले.

"जरा थांबा, डॉक्टरसाहेब."

होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन तारा, असा त्याचा वीज तपासायचा दिवा होता. तो पेटतो हे त्याने घरून निघतानाच पाहून घेतलं होतं. फ्रिजच्या मागचं झाकण काढून त्याने दिव्याची दोन टोकं फ्रिजच्या दोन तारांना लावली. दिवा पेटला नाही. एवढ्यावर कुणीही हात घातला असता. त्याने एक टोक तसंच ठेवलं आणि दुसरं जमिनीत गेलेल्या नळाच्या पाइपाला टेकवलं.

दिवा लख्ख पेटला.

गॅब्रिएल मागे सरकून भिंतीला टेकला. स्विच उलट्या तारेवर बसवला होता. तो परतीची तार तोडत होता. वीज आणणारी तार तशीच जिवंत होती. यंत्र थांबे, दिवे विझत, माणसाला वाटे वीज गेली. बॅप्टिस्ट खोटं बोलत नव्हता. विहिरीवरचा तो पंपही आग्नेलनेच जोडला होता, असाच.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशालाही हात लावू नका. वीज कंपनीचा माणूस बोलवा. खांबावरून वीज तोडायला हवी."

खांबावरची वीज तुटल्यावर त्याने पुन्हा दिवा लावून पाहिलं, मगच मेन स्विचच्या तारांची अदलाबदल केली. जुन्या थर्मोस्टॅटची एकेक तार सोडवताना तिला खुणेचा दोरा बांधला, नवा त्याच खुणांवर जोडला. गारवा ओळखणारी त्याची बारीक नळी न मोडता बर्फाच्या कप्प्याला टेकवली. फ्रिजच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत अर्थिंगची जाड तार नेली. वीज आली. दुपारी फ्रिज पहिल्यांदा आपण होऊन थांबला. डॉक्टर हसले. गॅब्रिएल मनात घरं मोजत होता.

संध्याकाळी तो आग्नेलच्या बायकोकडे, ग्रेसीकडे गेला. काहीही न लपवता सांगितलं.

"म्हणजे त्यांचीच चूक," ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"लोकांना सांगणार?"

"सांगावंच लागेल. एकवीस घरं त्याने जोडली आहेत."

ग्रेसीने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "मग इथून सुरुवात करा, भावजी."

स्विच बंद करून त्याने दिवा धरला. चुलीच्या वरच्या बोर्डावर तो पेटला. रोज ओल्या हातांनी ती तिथेच वावरत होती.

त्या पावसाळ्यात गॅब्रिएल दारोदार फिरला. काहींनी मेलेल्या भावाला नावं ठेवतो म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं. ग्रेसी स्वतः सोबत जाऊ लागली, तेव्हा दारं उघडली. वीस घरांपैकी सहांत दिवा पेटला. एकविसावं, पापडी गावातलं घर बंद होतं. माणसं परदेशी, परत कधी येतील कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीतून भिंतीवरचा मेन स्विच दिसत होता, व्यवस्थित बंद केलेला.

गॅब्रिएलने दारावर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'स्विच बंद असला तरी तारेला हात लावू नका.' पावसाने अक्षरं धुऊन जात. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर तो सायकलने तिथे जाई आणि ती पुन्हा गिरवून येई.