दाखल्याआधीचे चार दिवस

"काम हाय अजून त्याच्यात."

बैल दवाखान्याच्या आवारात शिरला की काका आधी त्याच्या वशिंडावर हात ठेवायचे आणि हे वाक्य बोलायचे. बैल लंगडा असो, दात पडलेला असो, वाक्य तेच. डॉक्टर वैतागायचे. "अहो, मला तपासू तरी द्या."

काका पनवेलला आमच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, जनावर धरायचं, हे त्यांचं काम. मी तिथला कारकून. शिंगं असलेल्या कुठल्याही प्राण्याची मला धास्ती, त्यामुळे काकांचा मोठा आधार वाटे. वयानं माझ्या दुप्पट, तरी मला भाऊसाहेब म्हणायचे.

तो नव्वदच्या आसपासचा काळ. नवीन पनवेल भराभर उठत होतं. आसपासच्या जमिनी गेल्या, आणि जमीन गेली की बैल रिकामा. रिकाम्या बैलाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. ब्लॉकच्या गॅलरीत तर बांधता येत नाही. मग व्यापारी यायचा. पण बैल कामाचा उरला नाही असा डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय तो कापायला नेता येत नसे. त्या दाखल्यासाठी आमच्याकडे रांग लागायची.

काकांचा सगळा खटाटोप दाखला लिहिला जाण्याच्या आधी. मालकाला म्हणायचे, "चार दिस थांब. मी बघतो." आणि सायकल काढून डोंगराकडच्या ठाकूर आदिवासींच्या वाड्या पालथ्या घालायचे. तिथे भाताची चार खाचरं असायची, बैल नसायचा. म्हातारा बैल नांगराला नाही चालला तरी मळणीला चालतो, शेण देतो. मुलीला स्थळ बघावं तशा काकांच्या चौकश्या: उन्हाळ्यात पाणी कुठून आणता, पोरं दगड मारतात का. एकदा एक ठाकूर तक्रार घेऊन आला, तुमच्या बैलानं माझ्या घराचं छप्पर खाल्लं. काका म्हणाले, "पेंढ्याचं छप्पर एवढं खाली घातलंस कशाला?" तो बिचारा विचार करत परत गेला.

हसू नका. दर वेळी स्थळ मिळायचं असंही नाही. नाही मिळालं की काका दोन दोन दिवस डबा उघडायचे नाहीत. मग आम्हालाही घास गिळवत नसे.

एका पावसाळ्याच्या अखेरीस एक शेतकरी आपला पांढरा बैल घेऊन आला. डावा डोळा फुटलेला, बाकी धडधाकट. घरदार विकून तो खांदा कॉलनीत राहायला निघाला होता. व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं. काकांनी त्याच्याकडून चार दिवस मागून घेतले आणि बैल आमच्याच आवारात बांधला. मालक कागदांवर सह्या करून निघून गेला. म्हणाला, मला बघवणार नाही.

तिसऱ्या दिवशी एक ठाकूर जोडपं बैल सांभाळायला तयार झालं. मळणी तोंडावर आली होती, त्यांनाही हवाच होता. चौथ्या दिवशी काका पहाटेच्या एसटीनं त्यांना आणायला निघाले. जाताना मला बजावलं, "मी येईस्तोवर त्याला हात लावू नका, भाऊसाहेब."

दहा वाजले, अकरा वाजले. काकांचा पत्ता नाही. व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाशी येऊन उभा राहिला. डॉक्टरांना उरणकडचाही दवाखाना बघावा लागे, त्यांची बाराची गाडी. माझा जीव टांगणीला लागला. सारखा फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होतो.

आणि मग मला शहाणपण सुचलं. बैलानं डॉक्टरांसमोर आवारातली रिकामी बैलगाडी ओढली तर दाखला मिळणारच नाही, टेम्पो जाईल हात हलवत. मीच म्हणालो, "साहेब, जुंपून बघा की." पट्टी बांधायला आणलेला एक बैल उभा होता. त्याचा मालक म्हणाला, माझा डावीकडेच चालतो. म्हणून आमचा उजवीकडे जुंपला. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

बैल थरथर कापायला लागला. पाऊल उचलेना. हाकलला तर मान झटकत मागे सरला आणि खालीच बसला. डॉक्टर भले माणूस, त्यांनी दोनदा उठवायला लावलं. तिसऱ्यांदा तो उठलाच नाही. 'कामास निरुपयोगी' असं मीच माझ्या हातानं लिहिलं. डॉक्टरांनी सही केली आणि बैलाला घेऊन टेम्पो मुंबईच्या रस्त्याला लागला.

काका साडेबाराला आले. एसटी वाटेत बंद पडली म्हणून निम्मी वाट चालत आले होते. मागे ठाकूर आणि त्याची बायको. तिच्या डोक्यावर ओल्या गवताचा भारा, बैलाला पहिला घास आपल्या हातचा घालायला. काकांनी रिकामा खुंटा बघितला. मी अडखळत सगळं सांगितलं.

"कुठच्या बाजूला जुंपलात?"

"उजव्या."

काका खुंट्यापाशी बसले. "त्याला डावा डोळा नाय, भाऊसाहेब. मालक सांगून गेलेला, जल्मभर डावीकडंच चाललाय. डावीकडं असला का जोडीदार चांगल्या डोळ्यानं दिसतो. तुमी उजवीकडं घातलात. बाजूला कोण हाय तेच त्याला दिसंना. भ्याला तो."

इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही.

काका आता नाहीत. पुढे आठ वर्षं आम्ही एकत्र काम केलं, त्या दिवसावरून त्यांनी मला एका शब्दानं टोकलं नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दुपारी ते उठून फाटकाबाहेर गेले आणि मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. ठाकुराच्या बायकोनं थोडा वेळ वाट पाहिली. मग भारा उतरवला, सोडला, आणि गवत त्या पट्टीवाल्या बैलापुढे पसरलं.

"परत कुठं न्यायचं आता," ती म्हणाली.

बैल खायला लागला. काका बराच वेळ आत आले नाहीत.