बोरूचे तीन वाटे

नत्थूजींचा हातमाग विकला गेला त्याच साली तळ्यावर पाटी लागली, की बोरू कापायला मनाई. उमरेड रस्त्यापलीकडच्या त्या तळ्यातला बोरू कापून त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कांड्या व्हायच्या. कांडी म्हणजे सूत गुंडाळायची पोकळ नळी. त्याच बोरूत एक तांबूस, लाजरा बगळा घरटं करी. चाहूल लागली की मान ताठ करून बोरूसारखाच डुलत उभा राही. आसपास दुसरीकडे तो कुठंच उरला नव्हता, म्हणून पक्षीवाल्या मंडळींनी सगळं बेट राखून ठेवलं. नत्थूजींनी पाटी वाचली, घरी येऊन विळा माळ्यावर टाकला आणि एका मंगल कार्यालयात चौकीदारीला लागले. ना रडले, ना भांडले. पण तेव्हापासून भाजीत मीठ कमी की जास्त, तेही सांगत नसत.

चार वर्षांनी, माघात, त्या मंडळींतला अभिजीत दारात आला.

"काका, दोन सालांपासून बगळा दिसला नाही. बोरू इतका दाटला की आत मोकळं पाणीच नाही. तुम्ही कापत होता तोवर तो येत होता. आमचं चुकलं."

त्यांची बायको कुसुमावती चहा गाळता गाळता म्हणाली, "तवा माया माणसाले चोर ठरवलं, आन् आता पाखरू रुसलं त आमचं दार आठवलं काय गा?"

"राहू दे वं," नत्थूजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तळ्यावर गेले.

"सगळा कापायचा का?" अभिजीतनं विचारलं.

"सगळा काहून? तीन वाटे हायेत. एका साली एक. बाकीचे दोन त्याचे. सगळा कापला त त्यानं राहावं कुठं?"

काठावरच्या शेंदरी देवीला त्यांनी हात जोडले. दरवर्षी तेव्हा छातीत काहीतरी हलायचं. ते थोडं थांबले. हललं नाही. मग गुडघाभर गार पाण्यात उतरून त्यांनी उगवतीकडून विळा लावला. हातांना सगळं अजून आठवत होतं.

"येईल ना तो, काका?"

"मले नाई माईत. पुढच्या साली मधला वाटा, त्याच्या पुढं मावळतीचा. लिहून ठेव. मी असो, नसो."

अभिजीतनं मोबाइल काढला. नत्थूजींनी बोरूची पुढची मूठ धरली.